शुक्रजंतुनाशक गोळी आणि अर्धे सत्य

वर्सोव्यात आमच्या घरी धुण्याभांड्यांसाठी येणाऱ्या बाईंनी काही महिन्यांपूर्वी माझ्या पत्नीपुढे एक लहानसे खोके ठेवले. आत वेष्टनात बंद केलेल्या थोड्याशा गोळ्या होत्या. त्या गिळावयाच्या नव्हेत, तर समागमापूर्वी योनिमार्गात ठेवावयाच्या. बाईंनी आवाज खाली आणून विचारले, "काकू, ही आत ठेवली की दिवस जात न्हाईत, आन् रोगबी लागत न्हाई, असं दुकानात म्हनले. खरं हाय का?" त्यांचे यजमान कंत्राटदाराबरोबर पाच-सहा महिने परगावी कामाला असतात. घरी येतात तेव्हा निरोध वापरावयास साफ नकार देतात, आणि त्यावर अधिक बोलण्याची सोय घरात नाही. खोक्यातील माहितीपत्रक बारीक इंग्रजी टाइपात छापलेले होते, म्हणून ते वाचण्याचे काम माझ्याकडे आले. अर्थशास्त्र शिकविण्यात हयात घालविलेल्या माणसाला उतारवयात हा पाठ वाचावा लागला. पत्रकाच्या शेवटाशेवटाला एक वाक्य होते : हे औषध लैंगिक संबंधातून होणाऱ्या रोगांपासून संरक्षण देत नाही. दुकानात जे सांगितले गेले त्याच्या नेमके उलट, आणि तेही जिला हवे होते तिला न वाचता येणाऱ्या भाषेत.

राजकीय साप्ताहिकाच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. माझे उत्तर असे की, सत्तेचे वाटप कसे झाले आहे हा ज्यांच्या विचाराचा मूळ प्रश्न आहे, त्यांनी घराच्या उंबरठ्याशी येऊन थांबण्याचे कारण नाही. गर्भ राहण्याचा भार कोणी वाहावयाचा, रोगाचा धोका कोणी पत्करावयाचा आणि त्याविषयीची माहिती कोणाच्या हाती असावयाची, हे प्रश्न सत्तेचेच आहेत. आपले कार्यकर्ते वस्त्यांतून आरोग्यशिबिरे घेतात. महिलांच्या बैठकीत असे प्रश्न दबक्या आवाजात विचारले जातात, आणि आपण बहुधा "डॉक्टरांना विचारा" असे सांगून सुटका करून घेतो. ही सुटका आता परवडणारी नाही.

मराठी वाचकाला हा विषय नवा वाटू नये. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या कार्यापायी विल्सन कॉलेजातील गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी त्यांना सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालविले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे दिल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडावयास डॉ. आंबेडकर उभे राहिले. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी संततिनियमनाच्या साधनांविषयीचा ठराव डॉ. आंबेडकरांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबईच्या विधिमंडळात मांडला. तो फेटाळला गेला. या इतिहासातील एक लहान गोष्ट आजच्या विषयाला फार जवळची आहे. कर्व्यांनी संततिनियमनावर एक पुस्तक लिहिले आणि 'गुप्तरोगांपासून बचाव' हे दुसरे, स्वतंत्र पुस्तक लिहिले. गर्भ टाळणे आणि रोग टाळणे या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, त्या एकाच पुडीत बांधता येत नाहीत, ही समज त्या दोन शीर्षकांतच आहे. शंभर वर्षांनंतर दुकानाच्या फळीवर ती पुन्हा हरवलेली दिसते.

प्रथम या साधनाच्या बाजूने जे म्हणता येते ते सांगितले पाहिजे, आणि ते थोडे नाही. शुक्रजंतू मारणारी रसायने योनिमार्गात ठेवण्याची पद्धत जुनी आहे. लंडनच्या रेंडेल नावाच्या औषधविक्रेत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोको बटरमध्ये क्विनीन मिसळून अशा वड्या विकावयास आरंभ केला. आज गोळी, मलम, फेस, पातळ पापुद्रा अशा अनेक रूपांत मिळणाऱ्या या औषधांत बहुधा नॉनॉक्सिनॉल-९ हे द्रव्य असते. ते जातीने साबणासारखे आहे; शुक्रजंतूचे बाहेरचे पातळ आवरण ते विरघळवते. त्यात संप्रेरके नाहीत, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्यांनी ज्यांना त्रास होतो त्यांना, तसेच अंगावर पाजणाऱ्या मातांना त्या बाबतीत अडचण नाही. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, शस्त्रक्रिया नाही, महिनोन्महिने आठवणीने काही घ्यावयाचे नाही. सोडले की परिणाम संपतो. निरोधाबरोबर किंवा गर्भाशयाच्या मुखावर बसवावयाच्या रबरी पडद्याबरोबर वापरले तर गर्भ टाळण्यात त्याची भर पडते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे नवऱ्याची परवानगी न मागता स्त्रीला ते वापरता येते. ज्या घरात "नाही" म्हणण्याची सोय नाही, त्या घरात ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. आमच्याकडच्या बाईंनी ते खोके अज्ञानातून घेतले नव्हते. असलेल्या परिस्थितीत जो एकच मार्ग आपल्या हातात दिसला तो त्यांनी धरला होता.

आता त्याच्या मर्यादा पाहू. गर्भनिरोधक म्हणून हे साधन दुबळे आहे. नेहमीच्या माणसांच्या नेहमीच्या वापरात पहिल्या वर्षभरात शंभरांपैकी सुमारे २१ स्त्रियांना दिवस जातात. निरोधाच्या बाबतीत हा आकडा सुमारे १३ आहे, आणि तांबीच्या बाबतीत एकाहूनही कमी. गोळी आत ठेवल्यावर ती विरघळण्यासाठी दहा-पंधरा मिनिटे थांबावे लागते. तिचा परिणाम साधारण तासभर टिकतो. प्रत्येक वेळी नवी गोळी लागते. नंतर किमान सहा तास आतून धुवावयाचे नाही. एका खोलीत सहा माणसे झोपतात अशा घरात हा घड्याळाचा हिशेब कसा पाळावयाचा, याचा विचार कोणत्याही माहितीपत्रकात नसतो. शिवाय वारंवार वापराने आग होणे, खाज सुटणे आणि लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग होणे हे त्रासही संभवतात, कारण योनिमार्गातील उपकारक जंतूही त्या द्रव्याने मरतात.

तरीही एवढ्यापुरताच दोष असता तर हा लेख लिहिला नसता. दुबळे गर्भनिरोधक हे काहीच नसण्यापेक्षा बरे असते, आणि ते निष्फळ ठरले तर १९७१ च्या गर्भपात कायद्याचा आधार आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर साधन निष्फळ ठरल्याचे हे कारण अविवाहित स्त्रीलाही सांगता येते. खरा धोका दुसऱ्या अर्ध्या वाक्यात आहे : "आन् रोगबी लागत न्हाई."

हे वाक्य दुकानदाराने हवेतून आणलेले नाही, त्याला एक इतिहास आहे. १९८५ मध्ये प्रयोगशाळेत असे आढळले की नॉनॉक्सिनॉल-९ एचआयव्हीचा विषाणूही निष्प्रभ करते. साबण जसा चरबी विरघळवतो तसेच विषाणूचे आवरण विरघळणार, हा तर्क साधा व आकर्षक होता. त्याच काळात जगभरच्या स्त्रीसंघटना एक न्याय्य प्रश्न विचारीत होत्या. सगळे आरोग्यखाते "निरोध वापरा" असे सांगते, पण निरोध तर पुरुषाने वापरावयाचा असतो; स्त्रीच्या हातात काय आहे? झीना स्टाइन या विदुषीने १९९० मध्ये हा प्रश्न शास्त्रीय नियतकालिकातून ठामपणे मांडला. तेव्हा बाजारात आधीपासूनच असलेल्या, स्वस्त आणि स्त्रीच्या हातातल्या या द्रव्यावर आशा खिळणे स्वाभाविक होते.

आशा प्रत्यक्षाच्या कसोटीस लावली गेली, आणि ती टिकली नाही. कॅमेरूनमध्ये सुमारे तेराशे देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले : काही संरक्षण मिळाले नव्हते. त्यानंतर बेनिन, आयव्हरी कोस्ट, दक्षिण आफ्रिका आणि थायलंड येथे झालेल्या चाचणीचा निकाल जुलै २००० मध्ये दरबानच्या एड्स परिषदेत जाहीर झाला आणि २००२ मध्ये तपशिलाने छापला गेला. ज्या स्त्रियांना नॉनॉक्सिनॉल-९ चे जेल दिले होते त्यांच्यापैकी ५९ जणींना एचआयव्हीची लागण झाली; ज्यांना औषध नसलेले जेल दिले होते त्यांच्यापैकी ४५ जणींना. दिवसाला सरासरी साडेतीनहून अधिक वेळा ज्या ते वापरीत, त्यांच्यात लागणीचा दर जवळजवळ दुप्पट होता. कारण सोपे आहे. जे द्रव्य विषाणूचे आवरण फोडते तेच योनिमार्गाच्या आतील नाजूक अस्तरालाही इजा करते, आणि त्या ओरखड्यांतून विषाणूला वाट मिळते. काचेच्या नळीत अस्तर नसते, जिवंत स्त्रीला ते असते. जागतिक आरोग्य संघटनेने त्यानंतर स्पष्ट सांगितले की हे द्रव्य एचआयव्ही किंवा अन्य लैंगिक रोग टाळण्यासाठी वापरू नये, गुदमार्गात मुळीच वापरू नये, लागणीचा धोका अधिक असलेल्या स्त्रियांनी ते टाळावे, आणि ते लावलेल्या निरोधांचाही प्रचार करू नये. अमेरिकेत २००७ मध्ये झालेल्या नियमानुसार दुकानातून विकल्या जाणाऱ्या अशा औषधांवर हा इशारा छापणे सक्तीचे आहे.

येथे एक रास्त आक्षेप येईल. त्या चाचण्यांतील स्त्रिया दिवसातून अनेकदा ते औषध वापरीत होत्या. एखाद्या गृहिणीने महिन्यातून चार वेळा वापरले तर तिला तो धोका कसा लागू होईल? आक्षेप बरोबर आहे आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही म्हटले आहे की लागणीचा धोका कमी असलेल्या स्त्रीला गर्भनिरोधक म्हणून हे साधन वापरता येईल. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. आपला धोका कमी आहे की अधिक, हे त्या स्त्रीला कोण सांगणार?

या प्रश्नाचे उत्तर पुण्यात मिळते. डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला. तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत ३९१ स्त्रिया देहविक्रय न करणाऱ्या होत्या, बहुतेक विवाहित आणि एकाच पुरुषाशी संबंध असलेल्या. त्यांच्यापैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली आढळली. त्यांच्या स्वतःच्या वर्तनात धोक्याचे काही नव्हते. धोका त्यांच्या घरात, पतीच्या रूपाने आला होता. आज लागणीचे प्रमाण त्या काळापेक्षा पुष्कळ कमी झाले आहे आणि औषधोपचाराने लागण झालेला माणूस दीर्घकाळ जगतो, हे खरे. पण त्या अभ्यासाने दाखविलेली रचना बदललेली नाही. स्त्रीचा धोका तिच्या वर्तनावर ठरत नाही, पतीच्या वर्तनावर ठरतो. आणि त्या वर्तनाची माहिती तिला नसते. अर्थशास्त्रात ज्याला माहितीची विषमता म्हणतात, तिचे याहून क्रूर उदाहरण मला माहीत नाही. ग्राहकाने आपला धोका ओळखून वस्तू निवडावी असे बाजार म्हणतो. ज्या माहितीवर निवड करावयाची ती दुसऱ्याच्या खिशात असते.

म्हणून "धोका कमी असेल तर वापरा" हा वैद्यकाच्या दृष्टीने निर्दोष असलेला सल्ला आमच्याकडच्या बाईंच्या घरात पोचताच निरर्थक होतो. त्यातून अर्धे सत्य आणखी घात करते. ज्या स्त्रीला रोगाची भीती असते ती निदान निरोधासाठी भांडते, चाचणीला जाते, कधी नकारही देते. "गोळी ठेवली आहे, आता भीती नाही" असे वाटू लागले की तिची ती सावधगिरीही जाते. खोट्या संरक्षणाची किंमत अशी दुहेरी असते.

साधन हाती दिले म्हणजे प्रश्न सुटला, ही समजूत आपल्या देशात जुनी आहे. पंजाबमधील खन्ना येथे १९५० च्या दशकात परदेशी तज्ज्ञांनी खेड्यांतून फेस येणाऱ्या अशाच गोळ्या वाटल्या. गावकऱ्यांनी त्या सौजन्याने घेतल्या आणि बहुतेकांनी वापरल्या नाहीत. महमूद ममदानी यांनी १९७२ च्या आपल्या पुस्तकात त्याचे कारण दाखवून दिले : शेतात राबणाऱ्या कुटुंबाला मुले हवी होती, आणि त्याची चौकशी करण्याचे कोणाला सुचले नव्हते. पुढे आणीबाणीत चौकशीच्या जागी सक्ती आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८१ लाख नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत बहुसंख्य पुरुषांच्या; महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. त्या अत्याचाराला आपण विरोध केला, तो योग्यच होता. पण त्यानंतर राज्यकर्त्यांनी जो धडा घेतला तो वेगळाच होता : पुरुषांच्या वाटेला जावयाचे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पतीची नसबंदी झालेल्यांचे प्रमाण ०.३ टक्के आहे. शरीरावरील सगळा भार एकीकडे आणि निर्णयाचा अधिकार दुसरीकडे, ही वाटणी या दोन आकड्यांत उघडी पडते.

याचा अर्थ स्त्रीच्या हातातील साधनाची मागणी चुकीची होती असा कोणी काढू नये. मागणी योग्यच होती. तिच्यासाठी चुकीची वस्तू पुढे केली गेली. ती मागणी आता निराधारही राहिलेली नाही. डॅपिविरीन या औषधाचे योनिमार्गात ठेवावयाचे कडे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये, अधिक धोका असलेल्या स्त्रियांसाठी पूरक उपाय म्हणून शिफारस केले. लेनाकॅपाविर हे सहा महिन्यांतून एकदा टोचावयाचे औषध दक्षिण आफ्रिका व युगांडातील तरुण स्त्रियांवर तपासले गेले. ते घेणाऱ्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही, असे २०२४ मध्ये जाहीर झाले. स्त्रीने वापरावयाचा कंडोम तर कित्येक वर्षांपासून अस्तित्वात आहे; वस्तीतल्या दुकानात मात्र तो शोधून सापडत नाही. निरोध १९६८ मध्ये १५ पैशांना तीन या दराने गावोगावच्या दुकानांत पोचविणाऱ्या शासनाला हे पोचविणे अशक्य आहे, असे मी मानीत नाही. सांगलीत 'संग्राम' या संस्थेबरोबर काम करणाऱ्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी स्वतः निरोध वाटून आणि गिऱ्हाइकाला एकजुटीने नकार देऊन दाखवून दिले आहे की, एकटीला जे जमत नाही ते संघटनेला जमते. गृहिणीला मात्र अशी संघटना नाही. तिचा प्रश्न बंद दाराआड एकटीनेच सोडवावयाचा असतो. येथेच आपल्या कार्यकर्त्यांचे काम सुरू होते.

ते काम मला असे दिसते. शुक्रजंतुनाशक गोळीविषयी विचारणाऱ्या स्त्रीला दोन वाक्ये एकत्र सांगावीत, एक सांगून दुसरे गाळू नये : गर्भ टाळण्यास याची थोडी मदत होते, रोग टाळण्यास मुळीच होत नाही, आणि वारंवार वापरले तर धोका वाढू शकतो. गर्भ टाळावयाचा असेल तर सरकारी दवाखान्यात तांबी, 'अंतरा' इंजेक्शन, 'छाया' व 'माला-एन' गोळ्या मोफत मिळतात, हे सांगावे. मात्र त्यांपैकी कशानेही रोग टळत नाही, हेही त्याच दमात सांगावे. रोगाची शंका असेल तर सरकारी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत व गुप्तपणे होते, तेथे तिच्याबरोबर जावे. अशा औषधांचे माहितीपत्रक मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि इशारा सर्वांत वर छापून दिले जावे, ही मागणी आपण शासनाकडे केली पाहिजे. ती खर्चिक नाही. आणि शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. हा विषय महिलांच्या बैठकीतून उचलून पुरुषांच्या बैठकीत नेला पाहिजे. युनियनच्या सभेत बोनसविषयी दोन तास बोलणारे आपले साथी निरोधाविषयी दोन मिनिटे बोलावयास लाजतात. त्या लाजेची किंमत त्यांच्या बायका मोजतात.

आमच्याकडच्या बाईंना माझ्या पत्नीने पत्रकातील ते वाक्य मराठीत समजावून सांगितले. त्या काही वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मंग आमी करायचं तरी काय, काकू?" नंतर त्या पत्नीबरोबर सरकारी दवाखान्यात गेल्या, तांबी बसवून आल्या, तपासणीही करून घेतली. गर्भाची काळजी मिटली. यजमान पावसाळ्यात परत येणार आहेत. निरोधाचा प्रश्न जेथे होता तेथेच आहे, आणि तो त्या बाईंनी एकटीने सोडवावा अशी अपेक्षा करणे, ही आपल्या सर्वांचीच पळवाट ठरेल.